सोलापूरच्या अंगणात सावनी: आधी उंची, मग माती, रंग सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात ४० बाय ६० फुटांच्या प्लॉटवर नवं बैठं घर. गेट दक्षिणेला. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये ५ फुटांची पट्टी, वरून विजेच्या तारा. मागे वायव्य कोपऱ्यात १२ बाय १५ फूट मोकळी जागा. पाणी बोअरचं, जड. पुण्यात बहिणीच्या दारात पांढऱ्या फुलांची उंच सावनी आहे, तशीच दर्शनी पट्टीत लावायची आहे. नर्सरीवाला म्हणतो, "कुठलीही न्या, सगळ्या सारख्याच." आणि सावनीऐवजी ताम्हण लावला तर चालेल का, हा जोडप्रश्न.

सगळ्या सारख्या मुळीच नसतात. कमरेच्या वर न जाणारी सावनी असते, तशी २० ते २५ फुटांवर पोचणारीही असते. अडचण एवढीच की पिशवीत दीड फुटाचं रोप असताना दोन्ही अगदी जुळ्या बहिणी दिसतात. फरक तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळतो आणि तेव्हा करवत काढावी लागते. लोक बहुधा रंगावरून रोप उचलतात, मग त्याला जागा शोधतात. तुम्ही क्रम उलटा करा.

आधी नावांचा घोळ मिटवू. नर्सरीत 'लॅजस्ट्रोमिया' मागितलंत तर सावनीही पुढे येईल आणि ताम्हणही, कारण दोन्ही त्याच प्रजातीतल्या. सावनी म्हणजे लॅजस्ट्रोमिया इंडिका, ताम्हण म्हणजे लॅजस्ट्रोमिया स्पेसिओसा, आपलं राज्यफूल. काही याद्यांत सावनीला धायटीही म्हटलेलं दिसतं. पण धायटी हे डोंगरउतारावरचं लाल फुलांचं वेगळं झुडूप आहे. रोप ओळखायचं तर पान बघा. सावनीचं पान १ ते ३ इंचांचं, जवळजवळ बिनदेठाचं. ताम्हणाचं पान वीतभर, जाडसर, शिरा ठळक. फूल असेल तर शंकाच उरत नाही: सावनीचं दीड इंचाच्या आत, ताम्हणाचं २ ते ३ इंच.

ताम्हणाचं उत्तर लगेच देतो: तुमच्या प्लॉटवर नको. कोकणात, सह्याद्रीत ओढ्यानदीकाठी वाढणारं ते झाड आहे, ३० ते ४० फूट सहज होतं आणि उन्हाळ्यात पाणी मागतं. ४० फुटी प्लॉटच्या कोपऱ्यात बसवलं तर अर्धी सावली शेजाऱ्याच्या गच्चीवर आणि अर्धा पाचोळा त्यांच्या टाकीवर. कॉलनीच्या मोकळ्या जागेत, पाण्याची सोय असेल तर जरूर लावा.

आता जागा. सावनीला दिवसातून किमान ६ तास थेट ऊन हवं. सावलीत ती मरत नाही, पण फुलत नाही आणि पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी बुरशी येते. "दक्षिणेची पट्टी म्हणजे भरपूर ऊन" असं कुणीही सांगेल. सोलापुरात ते हिवाळ्यात खरं आहे, उन्हाळ्यात नाही. आपण साडेसतरा अंशांच्या थोडं वर आहोत. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्ट उजाडेपर्यंत सूर्य इथे दुपारीसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर चांगलाच उत्तरेकडून येतो. म्हणजे ज्या अडीच महिन्यांत सावनीला पहिला बहर यायचा, त्याच काळात घराची सावली दक्षिणेला, तुमच्या पट्टीत पडते. घर बैठं आहे तोवर दुपारचे चार-पाच तास मिळतील. वर मजला चढवलात तर तेही कमी होतील. विश्वास बसत नसेल तर जूनमधल्या एखाद्या स्वच्छ सकाळी ९ वाजता आणि दुपारी ४ वाजता पट्टीत उभं राहून सावलीच्या कडेवर खडूने रेघ मारा.

उलट मागचा वायव्य कोपरा बघा. डिसेंबर-जानेवारीत तिथे घराची सावली येईल, पण तेव्हा सावनीची पानं गळालेली असतात, तिला उन्हाचं काम नसतं. मे ते ऑगस्ट तोच कोपरा उन्हात असतो. तारा नाहीत, पोर्च लांब आहे. बहिणीकडची उंच पांढरी तिथेच जायला हवी. दर्शनी नाही हे मान्य. पण तीन-चार खोडांचं १८-२० फुटी झाड गच्चीवरून आणि मागच्या खोल्यांतून जितकं छान दिसेल, तितकं ५ फुटी पट्टीत भिंतीला चिकटून कधीच दिसणार नाही.

पट्टीत काय? ६ ते ८ फुटांवर थांबणारी, सरळ वर जाणारी, पसारा ४-५ फुटांच्या आत ठेवणारी मध्यम जात. घराच्या भिंतीपासून ३ फूट, कंपाउंडपासून २ फूट आणि दोन रोपांत ६ फूट अंतर. कंपाउंडकडे सरकवण्याची कारणं दोन. एक म्हणजे ऊन. दुसरं काळ्या मातीतल्या घराच्या पायाचं: भारी काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, त्यामुळे पायालगत एकाच ठिकाणी सतत पाणी जिरवणं बरं नाही. ड्रिपर कंपाउंडच्या बाजूलाच ठेवा. सावनीची मुळं पिंपळ-वडासारखी भिंत फोडणारी नाहीत, ती काळजी नको. गेटपासून पायरीपर्यंतच्या कडेला २-३ फुटी बुटक्या जाती २ फूट अंतराने लावता येतील किंवा १४-१६ इंची कुंडीत ठेवता येतील. कुंडीतल्या सावनीला एप्रिल-मेमध्ये रोज पाणी लागतं, हे आधीच सांगून ठेवतो.

गाडी उभी राहते तिथून ८ फुटांच्या आत एकही नको. सावनीवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड येतेच. त्याचा चिकटा पानांवरून खाली टपकतो, त्यावर काळी काजळी धरते. ती काचेवरून एकवेळ निघते, टपावरून निघता निघत नाही.

इंटरनेटवर शोधलंत तर 'नॅचेझ', 'मस्कोगी', 'टस्करोरा', 'अकोमा', 'टोंटो' अशी नावं भेटतील. ही अमेरिकेच्या नॅशनल अर्बोरेटममध्ये डोनाल्ड एगोल्फ यांनी तयार केलेली वाणं, नावं तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमातींची. जपानच्या याकुशिमा बेटावरच्या लॅजस्ट्रोमिया फॉरिईचं बी १९५६ मध्ये जॉन क्रीच यांनी अमेरिकेत नेलं; त्या जातीवर भुरी फारशी येत नाही आणि तिची साल दालचिनीच्या रंगाची, सोलून निघणारी असते. तिचा इंडिकाशी संकर करून ही वाणं निघाली. १९७८ चं 'मस्कोगी' फिकट जांभळं, १९८१ चं 'टस्करोरा' पोवळी गुलाबी, १९७८ चंच 'नॅचेझ' पांढरं; तिन्ही झाडवजा, १५ ते २५ फुटांची. 'अकोमा' पांढरं पण १० फुटांच्या आसपास, फांद्या झुकत्या. 'टोंटो' गडद राणी रंगाचं, ८-१० फुटी.

ही माहिती उंचीचा अंदाज यावा म्हणून. तिकडचे सल्ले मात्र जसेच्या तसे घेऊ नका. तिथे जात निवडताना पहिला प्रश्न कडाक्याच्या थंडीचा आणि दुसरा भुरीचा. सोलापुरात थंडीचा प्रश्न नाही, आणि आपल्या कोरड्या हवेत भुरीचा उपद्रवही दमट गावांच्या मानाने कमी. इथे परीक्षा होते ती चुनखडीत, जड पाण्यात आणि एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांत. शरदातल्या लालभडक पानांचे फोटो पाहून तर जात मुळीच निवडू नका. आपल्याकडे पानं थोडी तांबूस-पिवळी होऊन गळतात, बस्स.

इथल्या नर्सरीत रोप वाणाच्या नावाने नाही, रंगाने विकलं जातं. म्हणून नाव विचारण्यापेक्षा हे विचारा: रोप बियाचं की कलमाचं? मातृझाड किती उंच आहे, बघायला मिळेल का? बियाच्या रोपाचा रंगही आईसारखा येईल याची खात्री नाही आणि उंचीही. फाटे कलमाचं किंवा गुटीचं रोप हुबेहूब आईसारखं येतं. मातृझाड दाखवता येत नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये, फूल आलेलं रोपच घ्या. पिशवीत दोन फुटांवरच गच्च झुबका धरलेलं, पेरं आखूड असलेलं, बुडापासून फांद्या फुटलेलं रोप बहुधा बुटक्या जातीचं असतं. लांब पेऱ्यांची एकच सरळ छडी उंच जातीची असण्याचा संभव जास्त. खात्रीची खूण नाही, पण नर्सरीवाल्याच्या "होतंय की सगळं" यापेक्षा बरी.

फूल हातात घेऊन जरा निरखा. सहा पाकळ्या, प्रत्येक चुरगळलेल्या क्रेपच्या कापडासारखी, खाली बारीक दांडीने जोडलेली. मधे पिवळे केसर दाट आणि भोवती सहा लांब, वाकडे केसर. पिवळे केसर मधमाश्यांच्या जेवणासाठी, लांबवाले परागणासाठी. या फुलात मध नाही, माश्या परागासाठी येतात. हे पुढे औषधाच्या वेळी लक्षात ठेवायचं आहे.

रंगाबद्दल दोनच गोष्टी. पांढरी फुलं पांढऱ्या किंवा क्रीम भिंतीपुढे हरवतात आणि पावसात भिजली की तपकिरी पडतात. मागे हिरवं किंवा मोकळं आकाश असेल तर खुलतात, म्हणून तुमच्या मागच्या कोपऱ्यात ठीक. गडद जांभळी संध्याकाळी दिसेनाशी होते. दर्शनी पट्टीत गडद गुलाबी घ्या. लाल जातींची फुलं ढगाळ हवेत उमलली तर काही वेळा पांढरट कडांची येतात. तो रोग नाही.

आता माती, आणि इथे घाई करू नका. नव्या घराच्या पट्टीत वरचा चार बोटांचा थर मातीचा आणि खाली बांधकामाचा राडारोडा असतो: सिमेंटचा गाळ, चुना, विटांचे तुकडे. सावनीला किंचित आम्ल, ५ ते ६.५ सामूची (पीएचची) माती आवडते. आपली चुनखडीची काळी माती ८ च्या पुढे असते आणि सिमेंट तिला आणखी वर नेतं. पट्टीतला राडारोडा किमान २ फूट खोल काढून टाका. ज्या बागेत सावनी पिवळी पडून राहते, तिथे दोष जातीला दिला जातो आणि बहुतेक वेळा तो या राड्याचा असतो.

खड्डा दीड फूट खणून पाण्याने भरा आणि जिरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच असेल तर तो खड्डा नाही, घमेलं आहे. भारी काळ्या मातीत पोयटा-खताने भरलेला खड्डा असाच घमेल्यासारखा वागतो, आणि सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, म्हणजे रोप लावून दोन महिने झाल्यावर मुळं पाण्यात. अशा जागी रोप जमिनीच्या वर ६-८ इंच उंचवटा करून लावा. चार पाट्या वाळू टाकून निचरा होईल अशी आशा धरू नका. थोड्या वाळूने काळी माती आणखी घट्ट बसते. मुरूम असेल तर उलट: खड्डा अडीच फूट खोल आणि तितकाच रुंद, भरायला २ भाग पोयटा, १ भाग कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड.

आंध्रातल्या कडियमकडून ट्रकने येणाऱ्या रोपांच्या बुडाशी लाल चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच काळ्या मातीत बसवला तर भोवतीची माती ओली राहते आणि गोळा आत विटेसारखा कोरडा. रोप जगतं, वाढत नाही, मग दुसऱ्या उन्हाळ्यात एकाएकी वाळतं. लावण्यापूर्वी गोळा बादलीत अर्धा तास भिजवा, बाहेरची बोटभर माती हाताने सोडवा, गोल फिरलेली मुळं सरळ करा किंवा कापा. मृगाचा पाऊस होऊन जमीन भिजल्यावर, जूनअखेर ते ऑगस्ट, लावणीचा काळ. गोळ्याचा वरचा पृष्ठभाग मातीच्या पातळीलाच राहू द्या; खोड गाडू नका.

पहिल्या उन्हाळ्यात दर तिसऱ्या दिवशी १० लिटर. दुसऱ्या वर्षापासून आठ-दहा दिवसांनी ३०-४० लिटर, एकदाच आणि सावकाश. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर खोडापासून दीड फुटावर. रोज तांब्याभर पाणी घालण्याने मुळं वरच राहतात आणि जड पाण्यातले क्षार वरच्या थरात साठून पानांची टोकं करपतात. पावसाळ्यात एखादं चांगलं भिजपाणी ते क्षार खाली नेतं. उसाचं पाचट आपल्याकडे हवं तितकं मिळतं. त्याचा ३ इंच थर द्या, खोडापासून चार बोटं मोकळी सोडून. आठ-दहा दिवसांतून एकदाही पाणी देणं जमणार नसेल तर सावनीचा नाद सोडा आणि बोगनवेल लावा, तिचं काही बिघडत नाही.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. जमिनीत लोह असतं, चुनखडीमुळे मुळांना मिळत नाही. युरिया टाकून ते जात नाही. तात्पुरता उपाय फवारणी: १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी, पानांच्या खालून, पंधरा दिवसांनी पुन्हा. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. मातीतून द्यायचं तर पाकिटावर 'ईडीडीएचए' लिहिलेलं चिलेटेड लोह घ्या. स्वस्त मिळणारं 'ईडीटीए' आपल्या सामूला टिकत नाही.

खतात हात आखडता ठेवा. फेब्रुवारीत ५ किलो शेणखत, जूनमध्ये तीन वर्षांच्या झाडाला १०:२६:२६ चं ५०-१०० ग्रॅम, पुरे. नत्र जास्त झालं की पानांचा जंगी झुपका, फूल नाही, वर मावा. माव्याला पाइपाच्या जोरदार फवाऱ्याने पानांखालून धुवा, आठवड्यातून दोनदा. नाही भागलं तर ५ टक्के निंबोळी अर्क. मुळाशी ओतायची आंतरप्रवाही कीटकनाशकं टाळा, ती परागात उतरतात आणि माश्या नेमक्या त्याच परागासाठी येतात. भुरी द्राक्षाच्या जिल्ह्यात ओळखून द्यायला नको: पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण पारा ३५ च्या वर असताना नाही, पानं भाजतात. सावनी, मेंदी आणि डाळिंब एकाच कुळातली. अंगणात डाळिंब असेल तर पिठ्या ढेकूण एकीकडून दुसरीकडे जातो, दोन्ही एकदम तपासा.

छाटणीत सगळ्यात जास्त सावन्या बिघडतात. फूल त्या वर्षीच्या नव्या फुटीच्या टोकाला येतं, म्हणून छाटणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, पानं गळालेली असताना. काढायचं काय: बुडातले धुमारे, आत वळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या काड्या, गेल्या वर्षीची वाळकी बोंडं. अंगठ्यापेक्षा जाड फांदीला हात लावू नका. माळी येतो आणि झाड खांद्याच्या उंचीवर सपाट छाटून जातो; त्या ठिकाणी दरवर्षी गाठ वाढते, गाठीतून चाबकासारख्या लांब फुटी निघतात, आणि मेमधल्या वळवाच्या एका सरीत भिजलेल्या तुऱ्यांच्या वजनाने त्या वाकून मोडतात. दरवर्षी असं छाटावं लागत असेल तर जातच चुकली आहे. पट्टीतल्या मध्यम जातीला पहिला बहर ओसरताच, बोंडं टणक होण्याआधी तुरे तोडलेत तर दीड-दोन महिन्यांत दुसरा बहर येतो. मागच्या उंच झाडावर शिडी लावून हे करत बसू नका.

आणि ती पांढरी मिळवायची कशी, तर नर्सरीत शोधूच नका. बहिणीकडे फेब्रुवारीत छाटणी होईल तेव्हा पेन्सिलच्या जाडीचे, ६-८ इंचांचे दहा-बारा फाटे मागून घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा सपाट, म्हणजे उलटसुलट होणार नाहीत. ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी आणा. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट भरलेल्या पिशव्यांत दोन तृतीयांश खोल खोचा, ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली ठेवा, ओल टिकवा पण पाणी साचू देऊ नका. तीन-चार आठवड्यांत फुटलेली पानं पाहून मूळ धरलं असं समजू नका; ती काडीतल्या साठ्यावर फुटतात. पिशवीच्या खालच्या भोकातून पांढरी मुळं दिसली की मगच मोठ्या पिशवीत हलवा. पुढच्या मृगात त्यातलं सर्वांत जोमदार मागच्या कोपऱ्यात लावा, दोन्ही भिंतींपासून ६ फूट सोडून.